ट्रायकोकार्डे लावूनही फळ पोखरणारी अळी कमी झाली नाही. चूक नेमकी कुठे झाली?

विचारणा : नवा वाफा

मी गेली चार वर्षे भाजीपाला पिकवत आहे. या हंगामात टोमॅटो आणि वांगी शेजारी शेजारी लावली असून बांधालगत कोबीचे काही वाफे आहेत. फवारण्यांचा भार कमी करावा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा बंदोबस्त मित्रकीटकांवर सोपवून पाहावा, या विचाराने टोमॅटोला फुले लागल्यावर मी ट्रायकोग्रामाची, म्हणजे किडीच्या अंड्यांत वाढणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाशीची, कार्डे मागवली. ती दोन दिवस उशिरा पोहोचली. पाकीट उघडले तेव्हा आतल्या बाजूला धुळीचे कण हलावेत तसे काहीतरी दिसले. पण ते काय आहे, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सवड मिळाली तेव्हा चार कार्डे शेताच्या चार कोपऱ्यांत काठ्यांना बांधली आणि काम झाले असे समजून मी निश्चिंत झालो.

त्याला आता तीन आठवडे होत आले. टोमॅटोच्या फळांना भोके पडणे थांबलेले नाही आणि वांग्याचे शेंडे पूर्वीप्रमाणेच माना टाकत आहेत. मध्यंतरी पांढरी माशी वाढली म्हणून कार्डे लावल्यानंतर चौथ्या दिवशी मी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील एक कीटकनाशक फवारले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पांढरी माशी आठवडाभर दबली आणि नंतर दुपटीने आली.

आणखी एक प्रसंग मनात खटकत आहे. कोबीच्या एका पानावर मरगळलेली अळी होती आणि तिच्या अंगाला चिकटून पिवळ्या, कापसाळ दाण्यांचा पुंजका होता. ती किडीचीच अंडी असावीत असे समजून मी पूर्ण वाफा फिरलो आणि दिसले तेवढे पुंजके चिरडून टाकले. नंतर एका चित्रात तसाच पुंजका मित्रकीटकाचा म्हणून पाहिला.

परोपजीवी गांधीलमाश्यांचा हा उपाय मोकळ्या शेतात खरोखर चालतो का, की तो हरितगृहापुरताच आहे? चालत असेल तर माझ्याकडून काय चुकले? शेतात लहान मुलांचा वावर असतो, त्यामुळे या माश्या माणसाला डंख मारतात का, हेही जाणकारांनी सांगावे.


उत्तर : भिंगधारी

आपण सगळे तपशील न लपवता लिहिले, त्यामुळे निदान सोपे झाले. आपल्या शेतात ट्रायकोग्रामा अपयशी ठरला असे मी म्हणणार नाही. त्याला काम करण्याची संधीच मिळाली नाही, असे म्हणेन.

आधी डंखाविषयी. ट्रायकोग्रामाची माशी साधारण अर्धा मिलिमीटर लांबीची असते, म्हणजे छापील मजकुरातल्या पूर्णविरामात मावेल एवढी. मादीच्या पोटाच्या टोकाला असलेली नळी अंडी घालण्यासाठी असते आणि माणसाच्या कातडीशी तिचा काहीही संबंध येत नाही. 'गांधीलमाशी' हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांसमोर पोळे करणारी, चावरी माशी उभी राहते, म्हणून मी नवख्या माणसाशी बोलताना 'परोपजीवी कीटक' एवढेच म्हणतो. तोही शब्द पुरता नेमका नाही. गोचीड किंवा ऊ ज्याच्यावर जगते त्याला सहसा मारत नाही. हे कीटक मात्र यजमानाच्या आत वाढतात आणि शेवटी त्याला संपवूनच बाहेर पडतात.

आता कार्डाकडे वळू. कार्डावर जे दाणे चिकटवलेले असतात ती तांदळावरील पतंगाची, म्हणजे कोर्सिराची, अंडी असतात. अतिनील किरणांनी त्यांच्यातील गर्भ आधीच मारलेला असतो, म्हणजे त्यांतून कोर्सिराची अळी निघत नाही, आणि मग त्या अंड्यांत ट्रायकोग्रामाच्या माद्यांकडून अंडी घालून घेतात. एका घनसेंटिमीटरच्या कार्डावर साधारण 18 ते 20 हजार अंडी बसतात. परोपजीवीची अळी आत वाढू लागली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाणा काळा पडतो आणि उबदार हवेत आठव्या ते दहाव्या दिवशी त्याला गोल भोक पाडून प्रौढ माशी बाहेर येते. पाकिटात आपल्याला जे कण हलताना दिसले, त्या याच माश्या होत्या. कार्ड उशिरा पोहोचल्यामुळे त्या वाटेतच जन्मल्या. प्रौढ माशीचे आयुष्य मुळात काही दिवसांचे, त्यात खायला काही नाही आणि पाकिटात कोंडलेली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात ती कार्डे काठीला बांधली तेव्हा त्यांवर बहुतांश रिकामी टरफले उरली असणार.

मलाही पहिल्या वर्षी हाच अनुभव आला होता. एका पुरवठादाराकडून आलेल्या कार्डांवर निम्म्याहून अधिक दाण्यांना आधीच भोके होती आणि ते मला महिनाभराने, जपून ठेवलेले कार्ड भिंगाखाली धरल्यावर कळले. तेव्हापासून कार्ड आले की नखाएवढा तुकडा कापून मी काचेच्या नळीत ठेवतो, तोंडाला कापूस लावतो आणि नळीचे एक टोक उजेडाकडे करतो. माश्या जन्मल्या की उजेडाच्या टोकाला गोळा होतात. दहा पटीच्या भिंगातून पाहिले तर नर-मादीसुद्धा ओळखता येतात: नराच्या मिशा केसाळ, झुपकेदार असतात आणि मादीच्या मिशा टोकाशी गदेसारख्या फुगीर. नळीत नरच जास्त दिसले तर ती खेप कमी प्रतीची समजावी, कारण पिकावरच्या अंड्यांचा समाचार माद्याच घेतात. फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर, असा या कीटकांचा हिशेब असल्यामुळे उत्पादनात हयगय झाली की नरांचे प्रमाण लगेच वाढते.

तिसरा मुद्दा वेळेचा असून माझ्या मते तोच कळीचा आहे. ट्रायकोग्रामा फक्त पतंगवर्गीय किडीच्या अंड्यावर काम करतो. अळीला तो शिवतही नाही. उष्ण हवेत घाटे अळीचे, म्हणजे टोमॅटोची फळे पोखरणाऱ्या आपल्या अळीचे, अंडे तीन-चार दिवसांत उबते आणि ताज्या अंड्यातच परोपजीवीची वाढ चांगली होते. म्हणजे मादीला मिळणारी मुदत जेमतेम दोन दिवसांची असते. फळाला भोक दिसल्यावर कार्ड लावणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत. वांग्याच्या अळीच्या बाबतीत तर ती अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते आणि मग तिच्यापर्यंत औषधही नीट पोहोचत नाही. अंड्याच्या अवस्थेतच तिला गाठावे, असे म्हणतात ते यासाठीच.

ही मुदत साधायची तर कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, आधी लावावेत आणि त्यांत पतंग नियमित पडू लागले की पहिले कार्ड लावावे. पुढे दर आठवड्याला एकदा, असे पाच ते सहा वेळा करावे, कारण शेतात अंडी रोज पडत असतात आणि माश्या मात्र चार-सहा दिवसांच्याच सोबती असतात. प्रत्येक वेळी हेक्टरी 50 हजार ते 1 लाख परोपजीवी, अशा शिफारशी सर्वसाधारणपणे आढळतात. चार कोपऱ्यांत चार कार्डे ही मांडणी मात्र सोडून द्या. एवढीशी माशी फार दूर उडत नाही. वाऱ्याने वाहून जाते ती वेगळी. कार्डाच्या पट्ट्या कापून साधारण 8 ते 10 मीटरांवर एक, याप्रमाणे पानाच्या खालच्या बाजूला टाचणीने किंवा दोऱ्याने लावाव्यात. दाणे असलेली बाजू उन्हाकडे आणि पावसाकडे येऊ देऊ नये. वेळ संध्याकाळची किंवा अगदी सकाळची धरावी. मुंग्यांवर नजर ठेवावी. त्यांना कार्डाचा पत्ता लागला की एका रात्रीत दाणे साफ होतात.

फवारणीबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहीत आहे, कारण तिथे वाद नाही. पायरेथ्रॉइडचा अंश पानावर कित्येक आठवडे परोपजीवींना घातक राहतो. आपली पांढरी माशी दुपटीने परतली, त्यामागेही हेच कारण असण्याची दाट शक्यता आहे, कारण तिच्यावर जगणारे स्थानिक मित्रकीटक त्या फवारणीत आधी गेले. बीटी (जिवाणूपासूनचे) आणि एनपीव्ही (विषाणूपासूनचे) या जैविक औषधांचा परोपजीवींना थेट त्रास होत नाही. निंबोळी अर्क तुलनेने सौम्य असला तरी कार्ड लावण्याआधी आणि नंतर काही दिवसांचे अंतर ठेवावे. गंधक बुरशीनाशक आहे म्हणून निर्धोक, असा एक समज आढळतो. ट्रायकोग्रामाच्या बाबतीत तो चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय जैविक नियंत्रण संघटनेने मित्रकीटकांवरील परिणामानुसार कीटकनाशकांचे निरुपद्रवी ते घातक असे चार वर्ग केले आहेत. औषध निवडताना तो वर्ग पाहण्याची सवय ठेवावी.


उत्तर : कोबीचा गड्डा

टोमॅटोबद्दल वर पुरेसे लिहून झाले आहे. मी फक्त त्या पिवळ्या पुंजक्यांबद्दल लिहितो, कारण तो प्रकार वाचून हळहळ वाटली.

आपण चिरडले ते कोटेशिया नावाच्या परोपजीवीचे कोष होते. कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराच्या लहान अळीमध्ये कोटेशिया ग्लोमेराटाची मादी एका वेळी बरीच अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या यजमान अळीच्या शरीरद्रवावर वाढतात, मग एकाच सुमारास तिची कातडी फोडून बाहेर येतात आणि तिथेच, तिच्या अंगाला लागून, पिवळे रेशमी कोष विणतात. हे दृश्य माणसाला पूर्वीपासून फसवत आले आहे. इटलीतील निसर्गअभ्यासक उलिस्से अल्द्रोवांदी यांनी 1602 च्या सुमारास ते नोंदवले तेव्हा त्यांनाही ती अळीचीच अंडी वाटली. त्याचा योग्य उलगडा पुढे सुमारे शंभर वर्षांनी वाल्लिस्निएरी यांनी केला. तेव्हा आपण एकटेच फसलात असे मुळीच नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. फुलपाखराची अंडी पानाच्या पृष्ठभागावर, पानाला चिकटलेली आणि उभट असतात. ती रेशमात गुंडाळलेली नसतात. कोषांचा पुंजका मात्र तलम धाग्यांनी वेढलेला असतो आणि जवळ सुकलेली किंवा मरणाच्या वाटेवरची अळी असते. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीवर येणारा कोटेशिया व्हेस्टॅलिस मात्र एका अळीत एकच वाढतो. त्याचा कोष एकटा, पांढरा, तांदळाच्या कणीएवढा असतो आणि पानाच्या मागच्या बाजूस सापडतो.

एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. परोपजीवीने अंडी घातलेली अळी तत्क्षणी मरत नाही. काही दिवस ती पाने खात राहते. मादी अंड्यासोबत एक विषाणूही अळीच्या शरीरात सोडते आणि त्यामुळे अळीची प्रतिकारशक्ती ढेपाळते. अळी चालती-फिरती दिसते, पण आतून तिचा ताबा दुसऱ्याकडे गेलेला असतो. शेतकरी ती अळी पाहतो, उपाय निष्फळ ठरला असे समजतो, फवारतो आणि अळीसोबत तिच्या पोटातली परोपजीवी माश्यांची पुढची पिढीही मारतो. बीटीबाबतही एवढे लक्षात ठेवावे: बीटी माशीला मारत नाही, पण यजमान अळी अकाली मेली तर तिच्या आतला परोपजीवीही वाचत नाही.

हवामानाचा विचार केल्याशिवाय कोबीत परोपजीवी निवडू नये. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगावर डायडेग्मा सेमिक्लॉसम हा परोपजीवी थंड, डोंगराळ भागात उत्तम काम करतो. न्यूझीलंडमधून तो 1950 च्या आसपास इंडोनेशियाच्या उंच भागात नेला गेला आणि या शतकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय कीटक संस्था 'इसिपे' हिने तो पूर्व आफ्रिकेत सोडला. सखल, उष्ण भागात मात्र तो टिकाव धरत नाही. तिथे कोटेशिया व्हेस्टॅलिस अधिक भरवशाचा. या पतंगाची ख्याती पाहता त्याच्यासाठी एवढी खटपट का केली गेली हे कळते. 1953 मध्ये जावात त्याने डीडीटीला दाद देणे सोडले आणि पुढे शेतात बीटीलाही प्रतिकार करणारी ही पहिली कीड ठरली.

मावा आला तर आधी फवारणीचा पंप न उचलता पान उलटे करून पाहा. फुगलेला, कागदासारखा कोरडा, सोनेरी-तपकिरी मावा दिसला तर ती 'ममी', म्हणजे परोपजीवीने आतून खाल्लेला मावा, होय. कोबीवरील मेणचट मावा बहुधा डायरेटिएला रापी या परोपजीवीने ग्रासलेला असतो. ममीवरील भोकही वाचता येते. कडा साफ, जणू झाकण उघडावे तसे गोल भोक असेल तर आपला परोपजीवी सुखरूप बाहेर पडला आहे. भोक वेडेवाकडे, कुरतडल्यासारखे असेल तर परोपजीवीवरच जगणारा दुसरा परोपजीवी आत शिरला होता आणि आपल्या मित्राचा बळी गेला. अशा वेड्यावाकड्या भोकांच्या ममी वाढू लागल्या की मी नुसते वाट पाहणे थांबवतो.


प्रतिसाद : शंकेखोर

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, तरी प्रश्नकर्त्याच्या मनात अवास्तव आशा निर्माण होऊ नये म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मोकळ्या शेतातील ट्रायकोग्रामाचे निष्कर्ष ठिकठिकाणी फार वेगवेगळे येतात. टोमॅटोचेच पाहा: त्याच्या पानांवर आणि देठांवर चिकट स्राव सोडणारे केस असतात, अर्ध्या मिलिमीटरच्या माशीला त्यातून चालणे म्हणजे चिखलातून वाट काढण्यासारखे आहे. वारा, पाऊस, कडक ऊन आणि शेजारच्या शेतातून उडत येणारे पतंग यांवर आपला काहीच ताबा नसतो. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा, म्हणजे स्पोडोप्टेराचा, मादी पतंग अंड्यांचा पुंजका घालून वर केसांचे पांघरूण घालतो. त्या पुंजक्याच्या आतल्या थरांपर्यंत ट्रायकोग्रामा पोहोचत नाही. तिथे टेलेनोमस रेमस हा दुसरा अंडी-परोपजीवी उजवा ठरतो, पण तो सहज मिळेलच असे नाही.

माझ्या शेतात मी दोन हंगाम कार्डे नेटाने, वेळापत्रक सांभाळून लावली. पहिल्या हंगामात फरक स्पष्ट दिसला. दुसऱ्या हंगामात फुलोऱ्याच्या काळात सलग पाऊस लागला आणि एकही पट्टी कामी आली नाही. त्यामुळे किडलेली फळे वेचून नष्ट करणे, वांग्याचे सुकलेले शेंडे अळीसकट खुडणे आणि गरजेपुरते बीटी किंवा एनपीव्ही वापरणे, ही कामे परोपजीवी आहेत म्हणून टाळता येत नाहीत. निव्वळ कार्डांच्या भरवशावर राहणाऱ्याची निराशा होते आणि मग तो पुन्हा सगळ्यात जहाल औषधाकडे वळतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.


उत्तर : भिंगधारी

शंकेखोर यांच्या म्हणण्याशी मी बव्हंशी सहमत आहे. एकाच गोष्टीची भर घालतो. फळांची भोके मोजून ट्रायकोग्रामाचा हिशेब मांडायला घेतला तर उत्तर नेहमी उशिराच मिळते. आज वांग्याला दिसणारे भोक दोन-तीन आठवड्यांपूर्वी घातलेल्या अंड्याचे असते. त्यामुळे निकाल अंड्यांवरच पाहावा. टोमॅटोच्या वरच्या पानांवर, फुलांच्या जवळ, घाटे अळीची अंडी एकेकटी घातलेली असतात. ताजे अंडे पिवळसर पांढरे आणि उभ्या रेघांचे असते, नंतर त्याभोवती तपकिरी कडे येते आणि उबण्याच्या बेतात आतल्या अळीचे डोके काळ्या ठिपक्यासारखे दिसते. परोपजीवी असलेले अंडे मात्र सगळीकडून सारखेच, कोळशासारखे काळे होते. दोन्हींत घोटाळा होतो, म्हणून अंडे पानाच्या तुकड्यासह नळीत ठेवून चार दिवस थांबणे हाच खात्रीचा मार्ग आहे. माशी निघून गेल्यावरही टरफल काळेच राहते आणि त्याला गोल भोक असते. अळी निघाली तर टरफल पारदर्शक राहते आणि पुष्कळदा अळीच ते खाऊन टाकते.


उत्तर : काचघर

प्रश्नात पांढऱ्या माशीचा उल्लेख आहे आणि हा उपाय हरितगृहापुरताच आहे का, असेही विचारले आहे. मी बंदिस्त जागेत टोमॅटो आणि काकडी घेतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

हरितगृहातील पांढऱ्या माशीवर एन्कार्सिया फॉर्मोसा हा परोपजीवी जगभर वापरला जातो. त्याची गोष्ट मजेशीर आहे. 1926 मध्ये इंग्लंडमधील एका टोमॅटो उत्पादकाला पानांवरच्या फिकट पिल्लांमध्ये काही काळी पिल्ले दिसली आणि त्याने ती कीटकतज्ज्ञांना दाखवली. चेशंट येथील संशोधन केंद्रात स्पेयर यांनी त्या काळेपणामागचा परोपजीवी ओळखून त्याची पैदास सुरू केली. 1930 च्या सुमारास ते केंद्र वर्षाला सुमारे 15 लाख एन्कार्सिया उत्पादकांना पुरवत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि ही सगळी खटपट अडगळीत गेली. 1970 च्या दशकात पांढरी माशी औषधांना जुमानेनाशी झाली, तेव्हा पुन्हा त्याच काळ्या पिल्लांची आठवण झाली.

एन्कार्सियात जवळजवळ सगळ्या माद्याच असतात. वोल्बाकिया नावाचे जिवाणू त्यांच्या शरीरात राहत असल्यामुळे नराशिवायही माद्याच जन्मतात. मादी अंडी तर घालतेच, शिवाय काही पिल्लांना टोचून त्यांतील रस स्वतःही पिते, म्हणजे मारण्याची कामगिरी दोन्हीकडून होते. तापमान 18 अंश सेल्सियसच्या खाली गेले की ती फारशी उडत नाही, हे मात्र विसरू नये. तसेच बेमिसिया, म्हणजे तंबाखूवरील पांढऱ्या माशीचा प्रकार, असेल तर परोपजीवी पडलेली पिल्ले काळी न होता तपकिरीच दिसतात आणि त्या किडीवर एरेट्मोसेरस हा परोपजीवी अधिक उपयोगी पडतो. म्हणून आपल्याकडे पांढरी माशी कोणती आहे हे आधी ठरवावे.

बंदिस्त जागेतही चुका होतातच. माझी एक ऐका. टोमॅटोची खालची पाने खुडून ताबडतोब बाहेर टाकायची, अशी माझी शिस्त होती. परोपजीवी सोडून महिना झाला तरी काळी पिल्ले वाढेनात. एके दिवशी खुडलेल्या पानांचा ढीग सहज चाळला तर जुन्या पानांच्या मागची बाजू काळ्या ठिपक्यांनी भरलेली होती आणि भोक पाडून बाहेर पडलेले त्यांतले फार थोडे होते. पांढरी माशी अंडी शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर घालते. एन्कार्सिया वाढून बाहेर पडेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात आणि तोवर ते पान खाली आलेले असते. मी आठवड्याच्या आठवड्याला माझीच फौज स्वतःच्या हाताने उकिरड्यावर नेऊन टाकत होतो. आता अशी पाने काही दिवस झाडांच्या बुंध्याशीच ठेवतो आणि पिल्ले रिकामी झाल्यावर उचलतो.

पिवळे चिकट सापळे वापरत असल्यास संख्या बेताची ठेवा, कारण पिवळ्या रंगाकडे एन्कार्सियाही ओढली जाते. परोपजीवी सोडण्याच्या काळात मी सापळे फक्त किडीच्या नोंदीपुरते ठेवतो. आणि किडीने पाने चिकट, काळी होण्याची वाट पाहू नका. त्या चिकट स्रावात एन्कार्सियाचे पाय अडकतात. झाडांवर पांढऱ्या माश्या मोजता येण्याइतक्या थोड्या असतानाच पहिली खेप सोडलेली बरी.

नागअळीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून एकच वाक्य: सरसकट फवारण्यांनी फोफावणाऱ्या किडींमध्ये ती अग्रभागी आहे, कारण डिग्लिफस इसेआसारखे तिचे परोपजीवी औषधाने आधी मरतात आणि अळी मात्र पानाच्या दोन पदरांत सुरक्षित राहते.


प्रतिसाद : नवा वाफा

सर्वांचा आभारी आहे. आपल्या सूचनांप्रमाणे वागून पाच आठवडे झाले, म्हणून नोंद करतो.

पायरेथ्रॉइड पूर्ण बंद केले. ताज्या औषधाचा अंश ओसरेपर्यंत कार्डे मागवली नाहीत. तोवर वांग्याचे सुकलेले शेंडे आणि किडकी फळे रोज वेचली. वाफ्यांच्या कडेने कोथिंबीर आणि बडीशेप फुलू दिली, कारण प्रौढ माश्यांना मकरंद मिळाला तर त्या जास्त दिवस जगतात, असे वाचनात आले. उथळ, लहान फुलांतलाच मकरंद त्यांच्या तोंडी लागतो, हे त्यावरून कळले. कामगंध सापळ्यांत सलग तीन दिवस पतंग आल्यावर पहिली खेप लावली. या वेळी नळीतल्या तुकड्यातून दुसऱ्या दिवशी सकाळी माश्या निघाल्या आणि बहुतेकांच्या मिशा गदेसारख्या होत्या.

तिसऱ्या खेपेनंतर टोमॅटोवरून घाटे अळीची बारा अंडी पानासह आणून नळ्यांत ठेवली. सात काळी झाली, तीन उबली आणि दोन नुसतीच सुकली. फळांची भोके थांबली असे म्हणता येणार नाही, पण अलीकडच्या तोड्यांत ती कमी दिसतात. त्यातले किती श्रेय कार्डांचे आणि किती रोजच्या वेचणीचे, हे मला ठरवता येत नाही. कोबीवर पिवळे पुंजके पुन्हा दिसू लागले आहेत आणि मुलांना त्यांची ओळख करून दिली आहे.

एक शंका उरली. सातपैकी दोन अंड्यांतून एकेक नव्हे, तर दोन-दोन माश्या निघाल्या. नळी नीट बंद केलेली होती. हे शक्य आहे का?


उत्तर : भिंगधारी

शक्य आहे. कोर्सिराच्या मानाने घाटे अळीचे अंडे मोठे असते, त्यामुळे मादी त्यात एकाहून अधिक अंडी घालू शकते आणि एका अंड्यातून दोन, क्वचित तीन माश्या निघतात. जास्त झाल्या तर मात्र त्या अंगाने बारीक राहतात. पुढच्या वेळी भिंगातून पाहताना एकट्या निघालेल्या माशीशेजारी त्या ठेवून पाहा. ती दोन सुकलेली अंडीही टाकून देऊ नका, सुईच्या टोकाने उघडून आत काय आहे ते बघा.